तळाच्या संघाची शेजारीण

"एकतिसावे," शेजारचे आजोबा म्हणाले.

मी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होते. ते कचऱ्याचा डबा ओढत मागच्या गल्लीकडे निघाले होते. 3 जानेवारी 2019 ची सकाळ. आजचं तापमान सांगावं तशा आवाजात त्यांनी आकडा सांगितला. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वात मोठी लीग. तिच्यात तेव्हा 31 संघ होते आणि आमच्या गावचा सेंट लुईस ब्लूज त्यात तळाला होता. 37 सामने, 15 विजय, 34 गुण.

"आता याच्या खाली जायला जागा नाही, तेवढं तरी बरं," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं.

"तू नवीन आहेस इथे," ते म्हणाले आणि डबा ओढत निघून गेले.

त्यांना मी नावानं हाक मारू शकत नसे. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही पहिल्या नावानं बोलावतात, पण सत्तरीच्या माणसाला तसं म्हणायला माझी जीभ वळायची नाही. मग मी 'सर' म्हणू लागले. त्याचं त्यांना भारी हसू यायचं. बिअरच्या कारखान्यात आयुष्य गेलं, तिथे कोणी कधी सर म्हटलं नाही, म्हणायचे. आमच्या घरात मात्र ते आजोबाच.

सेंट लुईसमध्ये नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हायस्कूल कुठलं? उत्तरावरून माणसाचा मोहल्ला, धर्म, बापाची ऐपत, सगळं ताडतात. मलाही पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, खडकी. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. नदीपलीकडे इलिनॉयमध्ये असेल कुठेतरी, असं त्यांना वाटलं असावं.

आता खडकीच्या पोरीला हॉकी कोणी शिकवायची? धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला. बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर न्यायचे. माझ्या डोक्यातली हॉकी म्हणजे तांबडी धूळ, फुटलेल्या नडग्या आणि मॅचनंतर मिळणारी भेळ. बर्फावर घसरत, अंगावर गादीएवढं चिलखत घालून खेळतात तिला हॉकी म्हणायला माझी दोन वर्षं तयारीच नव्हती. बाबांची अजून नाही.

तर डिसेंबरात आजोबांनी मला एका मॅचला नेलं. त्यांच्या दोन खुर्च्या वर्षानुवर्षांच्या. दुसरी भावाची. भाऊ गुडघे बदलून फ्लोरिडाला राहायला गेला होता. त्या डिसेंबरात ब्लूजची मॅच फुकटात बघायलासुद्धा कोणी तयार नव्हतं, म्हणून ती खुर्ची फिरत फिरत माझ्यापर्यंत आली.

पहिला अर्धा तास मला पक दिसलाच नाही. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात. ती कडेच्या फळीवर आपटली की बंद दारावर दगड बसावा तसा आवाज येतो, आणि तो ऐकून मान वळवेपर्यंत ती भलतीकडेच असते. मी वैतागले.

"पक बघू नकोस," आजोबा म्हणाले. "माणसं बघ. पक कुठे आहे ते माणसांच्या खांद्यांवरून कळतं."

खरंच कळायला लागलं. मग दुसरी गोष्ट दिसली, आणि तीच मला जास्त आवडली. गोलकीपर सोडून पाच खेळाडू बर्फावर असतात, पण सहसा कोणीही सलग पाऊण मिनिटाच्या फार वर टिकत नाही. एवढ्या वेगानं त्याहून जास्त दमच पुरत नाही. म्हणून खेळ न थांबवता, पक तिकडे फिरत असतानाच, दमलेले कठड्याकडे येतात आणि ताजे कठड्यावरून उडी टाकून आत जातात. खो-खोत पाठीवर थाप बसून 'खो' मिळतो ना, तसं, फक्त इथे दोघे-तिघे एकदम. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, अशा पाऊण पाऊण मिनिटांत विणलेले. टीव्हीवर हे कधी नीट दिसत नाही, कारण कॅमेरा पकच्या मागे असतो.

आम्ही हरलो. शेवटच्या भोंग्याला आपल्याच संघाची हुर्यो उडवत लोक जिन्याकडे निघाले. आजोबा बसून राहिले. ते कधीच लवकर उठत नाहीत. मग त्यांच्या ठरलेल्या जिन्यानं, ठरलेल्या दारानं बाहेर आलो, आणि गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "गुरुवारी परत आहे."

ब्लूजचा इतिहास मला त्यांच्याकडूनच मिळाला, बहुतेक गॅरेजमध्ये, रेडिओ मागे चालू असताना. 1967 मध्ये लीगनं सहा जुन्या संघांत सहा नवे घातले, त्यातला हा एक. डब्ल्यू. सी. हँडीच्या 1914 च्या 'सेंट लुईस ब्लूज' या गाण्यावरून नाव ठेवलं, आणि छातीवर चिन्ह म्हणून पंख फुटलेला संगीताचा स्वर. दुःखाच्या गाण्यावरून संघाचं नाव ठेवलं की पुढे काय होणार, हा आजोबांचा आवडता विनोद. पहिली मॅच 2-2 अशी बरोबरीत सुटली. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

गंमत अशी की सुरुवातीलाच भाग्य उजळलं. सहा नवे संघ एकाच गटात टाकलेले, त्यामुळे त्या गटाचा विजेता थेट स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत. ब्लूज पहिल्या तिन्ही वर्षी, 1968, 1969 आणि 1970 ला, तिथे पोचले आणि तिन्ही वेळा 4-0 नं हरले. दोनदा माँट्रियलकडून, मग बॉस्टनकडून. अंतिम फेरीतले 12 सामने, 12 पराभव.

त्यातला शेवटचा पराभव तर आख्ख्या अमेरिकेच्या भिंतीवर टांगलेला आहे. 10 मे 1970, ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीनंतरचा जादा वेळ, सुरू होऊन 40 सेकंद झालेली. बॉस्टनच्या बॉबी ऑरनं गोल मारला, आणि त्याच क्षणी ब्लूजच्या नोएल पिकार्डनं त्याला पाडलं. ऑर हात पसरून हवेत आडवा झाला, आनंदात. तो फोटो हॉकीतला सर्वात प्रसिद्ध फोटो म्हणतात. पुढे त्याचा ब्राँझचा पुतळाही झाला, बॉस्टनच्या स्टेडियमबाहेर. आजोबांचं त्यावरचं मत मी विसरणार नाही: "फोटोत निदान आमचा माणूस आहे. पुतळ्यात तोही नाही."

त्यानंतर 49 वर्षं अंतिम फेरी नाही. मधल्या काळात सलग 25 हंगाम ते बाद फेरीत पोचत राहिले, म्हणजे वाईट संघ नव्हे. नुसता पोचणारा संघ. 1983 मध्ये तर मालकांनी संघ कॅनडातल्या सॅस्कटूनला विकायचा घाट घातला. लीगनं तो हाणून पाडला, पण त्या गोंधळात त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीला ब्लूजचा माणूसच गेला नाही. एक आख्खं वर्ष एकही पोरगा घेतला नाही. मी इथे आले 2016 च्या ऑगस्टमध्ये. त्याच जानेवारीत अमेरिकन फुटबॉलचा रॅम्स संघ गाव सोडून लॉस एंजेलिसला गेला होता, आणि लोक त्याच्याबद्दल पळून गेलेल्या जावयासारखं बोलत होते.

तर 2018-19. उन्हाळ्यात बफेलोकडून रायन ओरायली आणला. चांगला खेळाडू, पण त्याच वसंतात त्यानं बोलून दाखवलं होतं की सततच्या हरण्यानं आपलं खेळावरचं प्रेमच अधूनमधून आटलं. आजोबांना हे फार भावलं. "बरोब्बर ठिकाणी आला," म्हणाले. 19 नोव्हेंबरला प्रशिक्षक माइक यो यांना काढलं आणि क्रेग बेरुबे यांना तात्पुरतं नेमलं. डिसेंबरात सरावातच दोन ब्लूज खेळाडू एकमेकांशी ठोशांनी भिडले. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मी बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "अगं, हे तर आपल्या फॅक्टरी लीगसारखंच की." मला वाटतं, आइस हॉकीला त्यांनी दिलेली ही एकमेव मान्यता.

मग ते एकतिसावं स्थान. आणि मग ती परीकथा, जी आता सगळ्यांना पाठ आहे. म्हणून ती मी उरकते. 6 जानेवारीला काही खेळाडू फिलाडेल्फियातल्या एका बारमध्ये फुटबॉलची मॅच बघत बसले होते. तिथला एक जण मध्येमध्ये ओरडून 'ग्लोरिया' लावायला सांगत होता. लॉरा ब्रॅनिगनचं 1982 चं गाणं. ते लागलं की अख्खा बार नाचायचा. खेळाडूंनी ठरवलं, जिंकलो की हेच वाजवायचं. दुसऱ्या दिवशी जॉर्डन बिनिंग्टन नावाचा 25 वर्षांचा गोलकीपर एनएचएलमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून उभा राहिला आणि 3-0 नं जिंकला. पुढे सलग 11 विजय, संघाच्या इतिहासातला विक्रम. बिनिंग्टनच्या खात्यावर हंगामअखेर 24 विजय आणि नियमित वेळेतले फक्त 5 पराभव. चेहरा मात्र रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा. दडपण येतं का, असं एका पत्रकारानं विचारलं, तर यानं उलट विचारलं, मी घाबरलेला दिसतोय का? संघ 99 गुणांवर पोचला. जानेवारीत लास व्हेगासला कोणीतरी ब्लूज कप जिंकणार म्हणून 250 ला 1 भावानं 400 डॉलर लावले होते, त्याला लाख मिळाले.

या कथेत मला एकच गोष्ट खटकते. जूननंतर सगळे म्हणायला लागले, आमचा विश्वास होता. शर्टांवर छापलं, दुकानांच्या काचांवर रंगवलं. मी तिथे होते. कोणाचाही नव्हता. माझा तर नव्हताच, पण पन्नास वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचाही नव्हता. फेब्रुवारीत सातवा विजय झाला तेव्हा मी उत्साहानं कुंपणापाशी गेले, तर ते म्हणाले, "असं करतात ते. मग एप्रिलमध्ये जास्त लागतं." ते जात होते कारण मंगळवारी मॅच असते आणि मंगळवारी ते जातात. माझी आजी गुरुवारी दत्ताच्या देवळात जायची, तिला कोणी विचारलं असतं की काय मिळेल असं वाटतं, तर ती नुसती बघत राहिली असती. लोक आशेला फार भाव देतात. हुर्यो उडवून जिन्यानं उतरलेली ती माणसं गुरुवारी परत आली, ती आशेनं नाही आली.

फेब्रुवारीत मी आणखी दोन मॅचना गेले. मार्चमध्ये खुर्ची मागणारे इतर निघाले, आणि आजोबांनी त्यांना सांगितलं की डिसेंबरात येतो तोच एप्रिलमध्ये बसतो. माझ्या बायोडेटात लिहावं असं हे एकच वाक्य.

प्लेऑफ, म्हणजे एप्रिलमध्ये सुरू होणारी बाद फेरी, ही वेगळीच चीज आहे. 16 संघ, सातातले चार जिंकायचे, अशा चार फेऱ्या. कप हवा तर 16 विजय, दोन महिन्यांत. खेळाडू दाढी करत नाहीत. आजोबांनीही केली नाही, आणि मेच्या मध्यावर ते अगदी आमच्या वाड्यातल्या भाडेकरू जोशीकाकांसारखे दिसू लागले.

विनिपेग सहा सामन्यांत गेलं. डॅलसशी सातवा सामना, 7 मे. ती मॅच मी त्यांच्या तळघरात बघितली, कारण भाऊ आला होता. 1-1 वर नियमित वेळ संपली. एक ओव्हरटाइम संपला. हॉकीत बाद फेरीला पेनल्टीबिनल्टी नाही, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं खेळतच राहायचं. डॅलसचा गोलकीपर बेन बिशप सेंट लुईसमध्येच वाढलेला, आणि त्यानं त्या रात्री 52 फटके अडवले. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 19 वर्षांच्या रॉबर्ट थॉमसचा फटका खांबाला लागून परत आला आणि पॅट मरूननं तो आत ढकलला. मरूनही इथलाच, गावाच्या दक्षिणेकडच्या ओकव्हिलचा. मुलाजवळ राहता यावं म्हणून एका वर्षाच्या करारावर घरी आलेला. गावच्या पोरानं गावच्या पोराला हरवलं. तळघरात दोन सेकंद कोणाला कळेचना. मग मी ओरडले, बहुधा मराठीत.

आणि मग सॅन होजे, तिसरा सामना. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. ओव्हरटाइममध्ये टिमो मायरनं सरळ हातानं पक सरकवला. दुसऱ्याला मिळाला, त्यानं तिसऱ्याला दिला, एरिक कार्लसननं गोल मारला. हातानं पास देता येत नाही, हे शेंबड्या पोराला माहीत. बर्फावर चार पंच, एकानंही बघितलं नाही, आणि तेव्हाच्या नियमात हे व्हिडिओवर तपासायची सोयच नव्हती. सोय पुढच्या हंगामात केली! मी फोनवर बाबांना अर्धा तास हे सांगत होते. बाबा शांतपणे म्हणाले, "मग आता पुढची कधी आहे?" समुद्रापल्याडून आजोबांचंच वाक्य. ब्लूजनं पुढचे तिन्ही सामने जिंकले, त्यातला एक 5-0, एक 5-1.

अंतिम फेरीत समोर कोण? बॉस्टन. तोच पुतळा दारात उभा असलेलं स्टेडियम. पहिला सामना गेला. अंतिम फेरीतला तेरावा पराभव. दुसरा ओव्हरटाइममध्ये कार्ल गुनारसननं जिंकून दिला. नियमित वेळेत त्याचा एक फटका खांबाला लागला होता. मधल्या सुट्टीत मुतारीत तो प्रशिक्षकाच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, मला फक्त अजून एक संधी हवी. इतिहासातला पहिला अंतिम फेरीचा विजय मुतारीतून निघाला, हे आजोबांना इतकं योग्य वाटलं की त्यांनी ती गोष्ट मला तीन वेळा सांगितली. तिसऱ्या सामन्यात घरच्या बर्फावर 7-2 असा मार खाल्ला. सहाव्या सामन्यात कप घरीच जिंकायची संधी होती, अख्खं गाव निळं होऊन रस्त्यावर, आणि 5-1 नं हरले. त्या रात्री गल्ली एवढी शांत होती की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

सातवा बॉस्टनला, 12 जूनला. पहिल्या डावात बॉस्टननं 12 फटके मारले, बिनिंग्टननं सगळे अडवले. ब्लूजनं चार मारले, त्यातले दोन गोल. पहिला ओरायलीचा, सलग चौथ्या सामन्यातला. दुसरा कर्णधार पिएत्रांजेलोचा, डाव संपायला आठ सेकंद असताना. शेवटी 4-1. सर्वोत्तम खेळाडूचा करंडक ओरायलीला, म्हणजे खेळावरचं प्रेम आटलेल्या माणसाला.

तळघरात भाऊ रडत होता. आजोबा उठले, टीव्हीचा आवाज कमी केला, आणि खुर्च्या भिंतीला लावायला लागले. एक, दोन, तीन, सगळ्या. मग वर गेले. मी थोड्या वेळानं गेले तर मागच्या दारात उभे, हातात कचऱ्याची पिशवी. गल्लीत फटाके आणि भोंगे. "उद्या कचऱ्याचा दिवस आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज बरोबर नव्हता.

पुण्यात तेव्हा सकाळचे साडेआठ वाजून गेले होते. बाबांना फोन लावला. ते दुपारच्या मॅचची तयारी करून बसले होते, वर्ल्ड कप, भारत-न्यूझीलंड. "जिंकलात? बरं झालं," म्हणाले. "कप केवढा आहे?" मी सांगितलं, तीन फूट उंच, आणि प्रत्येक खेळाडूला एकेक दिवस घरी न्यायला देतात. "म्हणजे गणपतीसारखा," बाबा म्हणाले. त्यांची मॅच त्या दिवशी नॉटिंगहॅमच्या पावसात एकही चेंडू न पडता वाहून गेली. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: तुमचं बरं, छपराखाली बर्फ.

15 जूनला मार्केट स्ट्रीटवर मिरवणूक निघाली. बॉब प्लेगर नावाचे 1967 च्या पहिल्या संघातले खेळाडू होते. जन्मभर ते सांगत आले होते की मरायच्या आधी या रस्त्यावर एक मिरवणूक बघायची आहे. ते त्या दिवशी तीत होते. 2021 मध्ये गेले. आजोबा मिरवणुकीला गेले नाहीत. गर्दीत उभं राहवत नाही म्हणाले. मी घरी आल्यावर मात्र कोण कोणत्या गाडीवर होतं ते अर्धा तास विचारत होते.

2 ऑक्टोबरला नवा हंगाम सुरू झाला. विजयाचा झेंडा छताला चढवायचा होता, म्हणून भाऊ फ्लोरिडाहून आला, आणि खुर्ची अर्थातच त्याची. मी स्वयंपाक करता करता ऐकलं. वॉशिंग्टनविरुद्ध, ओव्हरटाइममध्ये, 3-2 नं हरलो. ओव्हरटाइममधल्या पराभवाला एक गुण मिळतो.

सकाळी आजोबा डबा ओढत मागच्या गल्लीकडे निघालेले दिसले.

"एक गुण," ते म्हणाले. "एक्क्याऐंशी मॅच राहिल्या."

"मला कधी?" मी विचारलं.

"डिसेंबरात."